म्हंजी काय, सायेब?

मी बँकेत कारकून आहे. आता आमच्या पदाला इंग्रजीतलं एक भारदस्त नाव मिळालं आहे, पण आमच्या हिला कुणी विचारलं तर ती 'कारकून' एवढंच सांगते, आणि ती सहसा खोटं बोलत नाही. गेली वीस वर्षं हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाखेत काउंटरमागे बसून मी लोकांचे पैसे मोजतो, आणि त्यातून वेळ उरला की निवृत्तीला राहिलेली वर्षं मोजतो.

एवढ्या काळात मला सर्वांत जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला गेला असेल? व्याजदर किती, हा नव्हे. कर्ज कधी मिळेल, हाही नव्हे. 'मॅनेजरसाहेब जेवायला गेलेत का?' या प्रश्नाचा नंबर दुसरा लागतो. पहिल्या नंबरचा प्रश्न असा येतो: काचेखालून पासबुक आत सरकतं, पाठोपाठ एक पिवळं बोट आत येतं, एका ओळीवर टेकतं आणि बाहेरून आवाज येतो, "म्हंजी काय, सायेब?"

बोट पिवळं म्हटलं ते अलंकार म्हणून नाही. हळदीचा हंगाम आला की वसमत-हिंगोलीकडे नोटा, पासबुकं आणि आमची बोटं, सगळ्यांनाच हळद लागते. फक्त लग्न कुणाचं नसतं.

मराठीत कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांचीही होते. पण जे पुस्तक घरोघरी ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवतात, ज्याचं शेवटचं पान आधी उघडतात आणि जे वाचून खरोखर डोळ्यांत पाणी येतं, त्या पासबुकाची समीक्षा माझ्या तरी पाहण्यात नाही. साहित्याच्या प्राध्यापकांनी ती करायला हवी होती. त्यांनी केली नाही, म्हणून एका बी. कॉम.ला करावी लागत आहे.

आधी शैलीविषयी. पासबुकाची शैली सूत्रमय आहे. 'टीओ टीआरएफ', 'बीवाय सीएलजी', 'एसीएच डीआर', 'एसएमएस सीएचजी'. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून हे कळत नसेल, असं खातेदाराला वाटतं. तो गैरसमज आहे. उत्तम इंग्रजी येणाऱ्यालाही ते कळत नाही. इंग्रजीतले स्वर काढून घेतल्यावर मागे जी भाषा उरते, ती फक्त काँप्युटर आणि मी असे दोघेच जाणतो. आणि खरं सांगायचं तर माझाही निम्मा अंदाजच असतो. मांडणीविषयी बोलायचं तर, पासबुक प्रिंटरमध्ये जरा तिरपं गेलं की तारीख तपशिलाच्या रकान्यात, तपशील रकमेच्या रकान्यात आणि शिल्लक पासबुकाच्या बाहेर. "महे पैसे कुठं गेले?" असं विचारणाऱ्या एका आजोबांना मी त्यांची शिल्लक प्रिंटरच्या रुळावर नेऊन दाखवली होती.

पण हे झाले वरवरचे दोष. खरा दोष निवेदनाच्या दृष्टिकोनात आहे. पासबुक हे मुळात खातेदाराचं पुस्तक नव्हेच. ती आमच्या खतावणीची नक्कल. तुम्ही बँकेत पाचशे रुपये भरलेत, तर तुमच्या वहीत ते बँकेच्या नावे पडतात आणि आमच्या वहीत तुमच्या खात्यावर जमा होतात. दोन्ही वह्या बरोबर, पण आरशातल्यासारख्या उलट. या दोन वह्यांची जुळवणी करता करता माझी कॉलेजातली वर्षं गेली. पण पुढे आयुष्यभर आपण आपलीच वही लोकांच्या हाती देऊन 'ही घ्या तुमची' म्हणणार आहोत, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या सोयीनं लिहायचं आणि वाचणाऱ्यानं ते स्वतःच्या हिमतीवर वाचायचं, असा हा व्यवहार.

रिझर्व्ह बँकेच्याही हे लक्षात आलं. जून २०१७ मध्ये तिनं बँकांना कळवलं की पासबुकातल्या नोंदी दुर्बोध नकोत. थोडक्यात पण समजेल असा तपशील द्या. परिपत्रक आमच्या शाखेत आलं. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं, वाचल्याची सही केली आणि फायलीला लावलं. कालांतरानं आमच्याकडच्या नोंदी खरंच लांब झाल्या. 'यूपीआय', मग तिरपी रेघ, मग बारा आकडे, पुन्हा रेघ, मग कुणाचं तरी अर्धं नाव. पूर्वी जे एका शब्दात कळत नव्हतं, ते आता दोन ओळींत कळत नाही.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाइकाचं जाऊ द्या, स्वतःसाठी तरी बँक नीट छापत असेल. छे! मी नोकरीला लागलो तेव्हा रोज सकाळी प्रिंटर करकरत हिरव्या पट्ट्यांच्या कागदाची थप्पी बाहेर टाकायचा. एका ओळीत एकशे बत्तीस अक्षरं. त्या थप्पीत चाळिसाव्या पानावर कुठेतरी एक ओळ अशी असायची, की जी त्याच दिवशी वाचायला हवी: अमुक खात्यात काहीतरी चुकलं आहे. बाकीची पानं सांगायची की सगळं ठीक आहे. ती कोण वाचणार? आमच्या शाखेत मार्च महिना हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होता आणि एप्रिल महिना कूलरवर. आता कागद गेला, रिपोर्ट पडद्यावर आले. थप्पी गेली, थप्पी लावायची सवय तेवढी राहिली.

आमच्या औंढा नागनाथजवळ 'लायगो'ची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची थरथर ही वेधशाळा टिपणार. ती इतकी सूक्ष्म की जवळून ट्रक गेला तरी त्या धक्क्यात ती बुडून जावी. म्हणजे तिथे निम्मं कौशल्य मोजण्यात आणि निम्मं ट्रक वगळण्यात. आमच्या रिपोर्टात ट्रक मात्र एकूण एक नोंदवलेले असतात.

वगळण्याची ही कला मी घरी रोज पाहतो. संध्याकाळी मी चप्पल काढत असतो तेव्हा आमची ही रिपोर्ट देते: "आईंच्या बीपीच्या गोळ्या उद्यापुरत्याच आहेत. गॅस संपत आलाय. रविवारी तुमचे कळमनुरीचे काका येताहेत." तीन ओळी. क्रम निकडीचा. डब्यात मीठ आहे, भिंती जागच्या जागी आहेत, हे ती सांगत नाही. आणि प्रत्येक ओळ ऐकून मी काय करायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिलीला चप्पल पुन्हा पायात घालायची, दुसरीला नंबर लावायचा, तिसरीला चेहरा प्रसन्न ठेवायचा.

बाजारात पाहा. मोंढ्यात हळद विकली की शेतकऱ्याच्या हातात आडत्याची पट्टी पडते. वीतभर कागद. पोती किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती गेली, हातात किती. शेतकरी आधी शेवटचा आकडा वाचतो आणि मग खालून वर वाचत जाऊन भांडतो. ज्याच्याशी भांडता येतं तो चांगला कागद, अशी माझी व्याख्या आहे. पासबुकाशी भांडता येत नाही, 'म्हंजी काय?' एवढंच विचारता येतं.

भिंतीवर पाहा. पंचांग उघडायचं म्हणजे गुरुजी लागत. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं आणि तिथी, सण, संकष्टीचा चंद्रोदय हे सगळं घरातल्या खिळ्यावर आणून टांगलं. उपाशी माणसाला ग्रहगणित नको असतं. चंद्र किती वाजता उगवणार, तेवढं हवं असतं. ते मिळाल्यावर चौकटीत उरलेल्या जागेत आमची ही 'दूध नाही' असं लिहिते, आणि महिनाअखेरीला तोच कागद गवळ्यापुढे पुरावा म्हणून उभा राहतो.

ही खासगी माणसांची हुशारी, सरकारी कागद काही सुधारत नाहीत, असं म्हणाल तर तेही खरं नाही. पीककर्जासाठी माझ्यापुढे रोज येणारा सातबारा घ्या. २०२० साली महसूल खात्यानं त्याची मांडणी बदलली. आधी वारलेल्या खातेदाराचं नाव किंवा फिटलेला बोजा कंसात असायचा. त्या कंसाचा अर्थ तलाठ्याला आणि आम्हाला ठाऊक. एक पोरगा मात्र, वडिलांचं नाव मानानं कंसात घातलंय, असं समजून चालला होता. आता त्या नोंदीवर आडवी रेघ येते. रेघ मारलेलं गेलं, हे पहिलीतल्या मुलालाही कळतं. खाते क्रमांक लांबच्या रकान्यातून उठून नावाशेजारी येऊन बसला. दोन खातेदारांच्या मध्ये ठळक रेघ आली. आणि फेरफार प्रलंबित नसेल, तर तो नाही, हेही छापलेलं असतं. अर्थात 'पोटखराबा' हा शब्द तसाच राहिला. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा साहेब माझ्या तब्येतीची चौकशी करताहेत, असं मला वाटलं होतं. तरीही, हा कागद बदलणाऱ्यानं आधी तो हातात धरणाऱ्या माणसाकडे पाहिलं होतं, एवढं नक्की.

इथवर मी सगळे दोष काँप्युटरवर, प्रिंटरवर आणि वरच्या ऑफिसावर टाकले. कारकुनाला ते अंगवळणी पडलेलं असतं. पण एक हिशेब माझ्या नावे आहे, तो दाखवल्याशिवाय ही समीक्षा टॅली होणार नाही.

काही वर्षांपूर्वी, जूनमध्ये, पेरणीच्या ऐन घाईत सेनगावकडचे एक शेतकरी काउंटरवर आले. वय पन्नाशीच्या आतलं. पासबुकात बोट ठेवून म्हणाले, "मह्या खात्यातून चारशे छत्तीस कामून कापले?" मागे रांग होती. मी ओळ न वाचताच म्हणालो, "वरून कापलेत, भाऊ. सगळ्यांचेच कापलेत." ते म्हणाले, "वापस येतील का?" मी म्हणालो, "बघू." ते पासबुक शर्टाच्या आत सरकवून गेले.

दिवाळीनंतर त्यांची बायको आली. सोबत बारावीतला मुलगा. नवरा गेला, खातं बंद करायचं होतं. शिल्लक हजाराच्या आत. मी अर्ज काढून दिला आणि सवयीनं पासबुक चाळायला लागलो. मे महिन्यात तीच ओळ होती: 'पीएमजेजेबीवाय आरएनडब्ल्यूएल ४३६'.

ज्यांना स्वरांवाचून वाचता येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. २०१५ साली सुरू झाली, तेव्हा हप्ता वर्षाला ३३० रुपये होता. जून २०२२ पासून तो ४३६ झाला. मुदत १ जून ते ३१ मे. हप्ता खात्यातून आपोआप जातो, आणि विमेदार कोणत्याही कारणानं वारला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. त्या गृहस्थांनी कधीतरी एखाद्या मेळाव्यात फॉर्मवर सही केली असणार आणि विसरले असणार. पासबुकानं त्यांना दरवर्षी आठवण केली होती, पण त्यांना न कळणाऱ्या भाषेत. ज्याला ती भाषा कळत होती, त्यानं 'बघू' म्हटलं होतं.

मी त्यांच्याकडून काढून घेतलेला बंद करायचा अर्ज फाडला आणि विम्याचा फॉर्म भरायला बसलो. त्यांना काही कळेना. "ताई, खातं बंद करू नका," एवढंच मला म्हणता आलं. अर्ज मी त्या दिवशी पाहिला नसता तर? दोन लाख रुपये त्यांच्या ट्रंकेत शालूच्या घडीत पडून राहिले असते, आणि छापलेली प्रत्येक ओळ बिनचूक असती. ऑडिटला एक शेरा निघाला नसता.

काही आठवड्यांनी पैसे जमा झाले. त्या आल्या, मी पासबुक छापलं, त्यांनी नव्या ओळीवर बोट ठेवलं. जमा झालेल्या पैशांची नोंदही त्याच भाषेत. "म्हंजी काय, सायेब?" या वेळी मी सगळं वाचून दाखवलं. मागे रांग होती, रांग थांबली.

तेव्हापासून मी शिसपेन्सिल जवळ ठेवतो. पासबुक छापून झालं की विचारण्यासारख्या ओळीपुढे दोन शब्द लिहितो. 'किसान योजनेचे २,०००.' 'मेसेजचा आकार.' 'विमा, २ लाख. घरात सांगून ठेवा.' रांग हळू सरकते, हे कबूल.

मागच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी असं एक पासबुक पाहिलं. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "पासबुकावर हातानं लिहायची परवानगी आहे?" मी म्हणालो, "नाही साहेब." ते काही बोलले नाहीत. वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग दुपारी, शाखेत गर्दी नव्हती तेव्हा, बॅगेतून त्यांच्या मंडळींचं पासबुक काढून त्यांनी हळूच माझ्यापुढे सरकवलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे जरा बघा हो. म्हणजे काय असेल?"