गड सोडून बारवीच्या रानात

नकाशा-होकायंत्राची स्पर्धा सह्याद्रीत घ्यायची म्हटलं की मनात आधी गड येतो. पण ओरिएंटीअरिंगसाठी गड ही गरीब जमीन आहे. सोंडेवरून एक वाट वर जाते, दोन्हीकडे कडा, ठरवायला काही उरत नाही. या खेळाचा जीव दोन कंट्रोलमधल्या, म्हणजे नकाशावर दाखवलेल्या आणि क्रमाने गाठायच्या ठिकाणांमधल्या, वाटेच्या निवडीत आहे: धार चढून सरळ जायचं, की ओढ्याकाठाने लांबून पण वेगात? हा प्रश्नच पडला नाही, तर फक्त दमसास मोजला जातो. रिबिनी बांधलेल्या मार्गावर सिंहगड ते तोरणा धावणं हा पराक्रमच आहे, पण तो खेळ वेगळा.

म्हणून बदलापूरजवळचं बारवी धरणाचं रान मला मोलाचं वाटतं. उल्हास खोऱ्यातल्या या एमआयडीसीच्या धरणाभोवती बुटक्या टेकड्या आहेत, त्यांच्यामध्ये ओहोळ, बेचकी, लहान खिंडी. एकाही टेकडीला नाव गाजवण्याइतकी उंची नाही आणि मार्ग आखणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पावसाळ्यानंतर गवत माजतं, तेव्हा इथे धावणं अशक्य. गवत वाळून बसलं आणि सागाची पानगळ सुरू झाली की नजर लांब पोचते. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. पुढे ऊन आणि वणवे.

अडचण नकाशाची आहे. आपल्याकडे हाताशी असते ती भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट: प्रमाण १:५०,०००, समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर. पंधरा मीटरची टेकडी दोन रेषांच्या मधे सहज हरवते. आंतरराष्ट्रीय ओरिएंटीअरिंग महासंघाच्या मापदंडात प्रमाण १:१५,००० आणि अंतर सहसा ५ मीटर असतं. शिवाय धावण्याजोगं जंगल पांढरं, दाट झाडी हिरवी, जितकी अवघड तितकी गडद. टोपोशीटवर आखलेला मार्ग म्हणूनच अनेकदा नशिबाचा खेळ होतो. कंट्रोल ‘झुडपाजवळ’ असतं, तसली झुडपं शंभर, आणि ज्याच्या समोर ते आधी आलं तो जिंकतो. कंट्रोल लपवायचं नसतं. ओहोळाच्या वळणाशी, मोठ्या खडकाच्या पायथ्याशी, नकाशा नीट वाचणाऱ्याला नेमकं सापडेल असं ते ठेवायचं असतं.

बारवीत पाऊलवाटांची जाळी आहे, सरपण आणणाऱ्या कातकरी-ठाकर बायकांनी आणि गुरांनी पाडलेली. त्यातली कोणती नकाशावर काढायची? पुढच्या हिवाळ्यात टिकेल ती. हे पाड्यावरची माणसं सांगू शकतात, उपग्रहाचं चित्र नाही. जलाशयाचा काठही फसवा. पाणी उतरत जातं तसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि नकाशावरची निळी रेषा खोटी ठरते. त्या काठावर कंट्रोल ठेवूच नये.

भारतात हा खेळ मुख्यतः सैन्यदलांनी जपला. एनसीसीची मुलं होकायंत्र शिकतात, पण स्वतः नकाशा बनवायला त्यांना कोणी बसवत नाही, आणि मार्ग आखण्याची कला तिथूनच सुरू होते. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१च्या धोरणाने भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याचं बंधन बरंचसं उठवलं. आता वन विभागाची परवानगी घेऊन बदलापूर-उल्हासनगरच्या एखाद्या महाविद्यालयाने धरणक्षेत्राबाहेरचा एक चौरस किलोमीटर घ्यावा, प्रत्येक ओहोळ पायाखाली घालावा आणि पहिला मार्ग त्यावर आखावा.