स्तंभावरची नावे आणि आमचे लेखन

कोरेगावच्या जयस्तंभावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पोवाडे झाले, स्मरणिका निघाल्या, दर १ जानेवारीला लेख येतात. त्यांतले बरेचसे मी वाचले आहे. हे लेखन आवश्यक होते यात शंका नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा इतिहास नाकारलेल्या समाजाला आपल्या इतिहासाची खूण दिसली. तरीही या लेखनाची एक मर्यादा आता नोंदवली पाहिजे. त्यात लढाई आहे, शिपाई नाही.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ शिपायांची नावे स्तंभावर आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. आमचा लेखक ‘पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार’ एवढे सांगून थांबतो. ही नावे एकेक करून वाचणारा लेख माझ्या पाहण्यात क्वचितच आला. उरलेली २७ नावे तर आम्ही वाचतच नाही. ज्यांची नावे जातीपायी इतिहासातून गाळली गेली, त्यांनी दुसऱ्यांची गाळावीत काय?

दगड नाव सांगतो. माणूस कोणत्या गावचा, पलटणीत का शिरला, मागे कोण उरले, हे तो सांगत नाही. ती चरित्रे आता मिळणार नाहीत आणि कल्पनेने ती भरून काढणे हा त्या मृतांचा सन्मान नव्हे. पण स्मृतीचे मोल आमच्या पूर्वसुरींना ठाऊक होते. १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा स्वतः लष्करात नोकरी केलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली विनंतीपत्र लिहिले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला. वाडवडिलांची लष्करी सेवा हाच त्यांचा पुरावा होता. स्मरण हे त्यांच्यासाठी हक्काचे साधन होते.

१९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पडलेल्या जवानांच्या विधवा आज सत्तरीच्या पुढे आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजीला आजोबांविषयी विचारले. घरात पदक होते, पेन्शनचे पुस्तक होते. माणसाची गोष्ट मात्र कुणी विचारली नव्हती. आजी दोन तास बोलली. सुट्टीवर आला की तो गणवेश घालून मुद्दाम वरच्या आळीच्या विहिरीवरून जायचा, असे तिने सांगितले. त्याला रणात मरण आले, पण त्या विहिरीचे पाणी कधी मिळाले नाही.

हे वाक्य आमच्या एकाही पोवाड्यात नाही. दलित आत्मकथनाने गावकुसाबाहेरचे जगणे मराठीत आणले. तेच काम या माणसांसाठी व्हायला हवे. विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन या घरांत जावे. जात न पाहता प्रत्येक पडलेल्या शिपायाची हकीगत, भांडणांसह आणि भीतीसह, उतरवून घ्यावी. सांगणाऱ्या बायका थकत चालल्या आहेत. पुढच्या १ जानेवारीला भाषण एक कमी झाले तरी चालेल.