छान झालंय, फक्त…

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. दोन्ही पवारांची संस्थानं, दोन्हीकडे घरात मराठी आणि अंगणात माळवी. या दोन गावांनी मला एकच गोष्ट दोनदा शिकवली, आणि ती मला फार उशिरा कळली. म्हणून हा लेख.

आधी धारची गोष्ट. राजा मुंज आणि भोज यांच्या दरबारात धनपाल नावाचा मोठा कवी होता. धाकटा भाऊ शोभनमुनी, त्याच्यामुळे हा जैन झाला. धनपालाने ‘तिलकमंजरी’ ही गद्यकथा लिहिली. आपल्या जैन प्रबंधांत तिची एक कथा येते. धनपाल कथा वाचत असताना रस जमिनीवर सांडू नये म्हणून भोजाने पोथीखाली सोन्याचं ताट ठेवलं होतं, म्हणे. वाचन संपलं. राजा म्हणाला, कथा उत्तम आहे, फक्त अयोध्येच्या जागी धारा घाल, ऋषभदेवांच्या जागी शिव घाल आणि कथेतल्या राजाच्या जागी मला घाल. धनपाल नाही म्हणाला. राजाने रागाने पोथी जाळली.

त्या सोन्याच्या ताटावर मी बराच विचार केला. ज्याला कथेचा थेंबही वाया जाऊ द्यायचा नव्हता, त्यानेच ती आगीत टाकली. का? तर त्याच्या मनातल्या पूर्ण कथेत आणि समोरच्या कथेत थोडं अंतर राहिलं. बायांनो, हे आपल्या स्वयंपाकघरात रोज होतं. दिवसभर राबून पुरण घातलेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, छान झालंय, फक्त जरा जायफळ जास्त. त्या ‘फक्त’पुढे ‘छान’ कुणालाच ऐकू येत नाही.

नवल हे, की याच भोजाच्या नावावर ‘सरस्वतीकंठाभरण’ हा साहित्यशास्त्राचा ग्रंथ आहे. त्यात शब्दांचे सोळा, वाक्यांचे सोळा आणि वाक्यार्थाचे सोळा दोष मोजून दिलेत. मला वाटलं, चुका मोजणाऱ्याचाच हा ग्रंथ! पण पुढे तोच सांगतो की योग्य जागी आला तर दोषही गुण होतो. शास्त्रात हे लिहिणाऱ्या राजाला कथेतल्या दरबारात ते आठवलं नाही. जाणणं आणि समोरच्या माणसाशी तसं वागणं यांत किती अंतर असतं, ते इथे दिसतं.

पोथी जळल्यावर धनपाल घरी येऊन खिन्न पडून राहिला. त्याची लहान मुलगी जवळ आली. तिने लिहिताना ऐकलेलं तिला पाठ होतं. एका कथेप्रमाणे अर्धी कथा तिने सांगितली, उरलेली बापाने नव्याने रचली आणि ग्रंथाला लेकीचं नाव दिलं.

ही कथा खरी धरावी का? धनपाल स्वतः ग्रंथाच्या आरंभी एवढंच सांगतो, की जिनशासनातल्या कथांबद्दल भोजाला कुतूहल होतं, त्याच्यासाठी ही रचली. आगीचा उल्लेख तिथे नाही. शिवाय नायिकेचंही नाव तिलकमंजरीच, म्हणजे नावावरून कथा सुचली असेल. तरी दोन-अडीचशे वर्षांनी आपल्या साधूंनी ती लिहून ठेवली, याला मी महत्त्व देते. ग्रंथ वाचवायला त्यांनी पंडित आणला नाही, फक्त ऐकणारी मुलगी आणली. आणि हे धनपालाला शोभतंही. ‘पाइयलच्छी’ हा प्राकृत कोश त्याने इ.स. 972 च्या सुमारास धारेतच आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी रचला, हे तर त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

आता देवासला येते. 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन इथे आले. हे तेच, ज्यांनी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन लोकांना थक्क केलं होतं. आता काही वर्षं गाणंच बंद. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं, शुश्रूषा केली. पडल्या पडल्या कुमारजींच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी येत राहिली. ती गाणी म्हणणाऱ्यांनी सूर कुठे शिकलेला नव्हता. त्यांतूनच पुढे मालवती, लगनगंधार असे राग उभे राहिले.

उठून गायला लागले तेव्हा एक फुप्फुस निकामी होतं. लांब श्वासाच्या ताना पूर्वीसारख्या शक्य नव्हत्या. छोटी फेक, मध्ये रिकामी जागा, पुन्हा फेक. हुबेहूबपणाच्या मापाने हा दोषच. पण त्यांचं निर्गुणी भजन ऐकताना मला त्या रिकाम्या जागेतच काहीतरी लागतं. मोकळ्या श्वासाचं गाणं मला इतकं आत नेत नाही. भोजाने लिहिलेलं सूत्र धारेपासून काही कोसांवर, देवासच्या टेकडीखाली खरं झालं. भानुमतीबाई 1961 साली गेल्या. घराला त्यांचंच नाव आहे, भानुकुल.

आता माझं. लेक अकरा वर्षांची असताना पर्युषणात मंदिरात स्तवन म्हणाली. घरी येताना मी म्हटलं, ‘छान झालं गं, फक्त तिसऱ्या कडव्यात श्वास तुटला.’ पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही. त्यानंतर कधीच दिलं नाही. मला वाटलं, अभ्यास वाढला असेल.

आपल्या शास्त्रात श्रावकाच्या प्रत्येक व्रताबरोबर पाच अतिचार सांगितलेत. व्रत घेणारा कुठे कुठे घसरेल ते आधीच धरून चाललेलं आहे, आणि घसरल्यावर परत यायला प्रतिक्रमण ठेवलंय. मी ते रोज करते. स्वतःसाठी जी वाट मी उघडी ठेवली, ती अकरा वर्षांच्या पोरीसाठी बंद केली. मी पोथी जाळली नाही हे खरं, पण ऐकायला बसलेली मी भोजच होते.

क्षमावणीला दरवर्षी सगळ्यांना एकच संदेश पाठवतो आपण. गेल्या वर्षी मी लेकीला फोन केला. ती आता तिशीची आहे. म्हटलं, ‘त्या तिसऱ्या कडव्याबद्दल मला माफ कर.’

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग ती हळूच म्हणाली, ‘चौथं होतं, आई.’