तेलाचे भांडे आणि नावेचे बंध

गेल्या वर्षी विष्णुपुरीला भाचीच्या डोहाळजेवणाला जाण्याचा योग आला. डोहाळजेवणे आपल्याकडे नाना तऱ्हांची होतात. कुणाचे बागेतले, कुणाचे चांदण्यातले. हिचे नावेतले होते. गोदावरीचे धरण जवळच. पण खऱ्या नावेत गर्भारशीला कोण बसवणार? म्हणून पुठ्ठ्याची नाव, तिला झेंडूच्या माळा आणि आत पाटावर मांडी घालून बसलेली हिरव्या साडीतली आमची भाची. ओटी भरून झाली, गाणी झाली, आणि उठता उठता तिने माझा हात घट्ट धरला. "दुखायलंय का गं?" मी विचारले. ती म्हणाली, "दुखायलंय ते वेगळं, मावशी. मांडी जागची हलायलीय." शेजारच्या एक आजी कौतुकाने हसल्या. "वेतासारखी लवचीक पोर! हिचं बाळंतपण चुटकीसरशी होतंय बघा."

भाचीला सांध्यांच्या सैलपणाचा आजार आहे. डेन्मार्कचे एहलर्स आणि फ्रान्सचे डॅनलॉस या दोन डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांपैकी हा एक. 2017 सालच्या वर्गीकरणात या आजारांचे तेरा प्रकार मानले आहेत. शरीराला बांधून धरणारे धागेच यात दुबळे असतात. विशी उलटेपर्यंत तिच्या निखळण्या-मुरगळण्याला घरात 'नाजूकपणा' हेच नाव होते.

पुस्तकांत रमणाऱ्या माणसाची खोड अशी, की घरी आल्यावर मी भाचीचे ते वाक्य आपल्या ग्रंथांत शोधू लागले. गर्भारशीचे शरीर आपल्या वाङ्मयाने कसे पाहिले आहे?

चरकसंहितेच्या शारीरस्थानात एक उपमा आहे. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे न हिंदकळता जपावे, तसे गर्भिणीला जपावे. उपमा सुंदर आहे आणि प्रेमळही आहे. आपल्या घराघरांतला सारा जिव्हाळा तीत आला. तिला रागावू नका, धावडवू नका, हवे ते खाऊ घाला! पण जरा बारकाईने पाहिले तर लक्ष कशावर आहे? तेलावर. भांडे सांडू नये एवढीच काळजी. भांड्याचा सांधा कुठे सुटत असेल, हा प्रश्न या उपमेत येतच नाही.

सुश्रुताच्या शारीरस्थानातली उपमा निराळी आहे. पाचव्या अध्यायात तो शरीराची मोजदाद करतो. सांधे 210, स्नायू 900. त्याचे 'स्नायू' म्हणजे आज आपण म्हणतो ते मांस नव्हे. सांधे आवळून धरणारे बंध. मग तो म्हणतो, फळ्या अनेक बंधांनी पक्क्या बांधल्या म्हणजेच नाव पाण्यात भार सोसते. शरीराचेही तसेच आहे. एवढेच नव्हे, हाडे, पेशी, शिरा किंवा सांधे दुखावल्याने जेवढा घात होत नाही, तेवढा बंध दुखावल्याने होतो, असेही तो बजावतो. भाचीचे वाक्य मला येथे सापडले.

त्याच शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात गर्भिणीचा विचार आहे. पाचव्यात नाव, दहाव्यात भार वाहणारी स्त्री! पण पाचव्यातली नाव दहाव्यातल्या स्त्रीपर्यंत येऊन पोचत नाही. माझी तक्रार सुश्रुताशी नाही. ज्याने इतके पाहिले त्याच्याकडून सर्वच मागणे कृतघ्नपणाचे होईल. तक्रार आहे ती त्याच्या वारसांशी, म्हणजे आपल्याशीच.

कारण पुढच्या आपल्या साऱ्या वाङ्मयाने तेलाचे भांडेच पत्करले. डोहाळगीतांत नऊ महिने नऊ तऱ्हांच्या खाण्याने मोजले जातात. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये जमवलेल्या ओव्यांत माहेर आहे, मूल आहे, बाईच्या जिवाचा सल आहे. कष्ट आणि कळा यांना आपल्याकडे शब्द आहेत. पण बंध सैल होण्याला शब्द नाही. जो आहे, 'लवचीक', तो स्तुतीचा आहे. आणि स्तुतीपुढे तक्रार करणे फार अवघड असते.

येथे डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. 1886 साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या शरीराविषयी शास्त्र लिहिले गेले, तेच शरीर ते शास्त्र वाचायला बसले! भाचीनेही आपल्या परीने तेच केले.

आजचे वैद्यक सांगते, की गरोदरपणात सर्वच स्त्रियांचे बंध थोडे सैल होतात. जिचे मुळातच सैल, तिच्या कंबरेवर आणि ओटीपोटाच्या हाडांवर त्याचा ताण अधिक येतो. पाणमोट वेळेआधी फुटू शकते, प्रसूती फार झपाट्याने होऊ शकते, नंतर रक्तस्राव अधिक होऊ शकतो. म्हणजे आजींचे 'चुटकीसरशी' अगदीच खोटे नव्हते. पण ती कौतुकाची गोष्ट नव्हे, आधी तयारी ठेवण्याची गोष्ट आहे. रक्तवाहिन्यांना दुबळे करणारा प्रकार असेल तर जिवालाच धोका असतो. म्हणून आपला प्रकार कोणता, हे दिवस राहण्यापूर्वीच जाणून घ्यावे. बाकी सांध्यांच्या प्रकारात पुष्कळजणी सुखरूप नैसर्गिक रीतीने बाळंत होतात.

भाचीने आठव्या महिन्यात एक कागद लिहून फायलीला लावला. "माझे सांधे निखळतात. पाय मी स्वतः फाकवीन तेवढेच फाकवा. कंबरेखाली भूल असेल तर मला कळणार नाही, तेव्हा अधिक जपा. जागेपुरती भूल मला कमी लागू पडते, दात काढताना अनुभव आहे. जखम सावकाश भरते, टाक्यांचा विचार तसा करा. कळा वेगाने वाढतील, थांबवून ठेवू नका."

समीक्षक म्हणून मला हा कागद फार आवडला. त्यात अलंकार नाही, कढ नाही. प्रत्येक वाक्याला काम आहे. पाचवा आणि दहावा अध्याय या अर्ध्या पानावर प्रथमच शेजारी बसले. वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही तो दोनदा वाचला, हे वाङ्मयाचे भाग्य! मुलगी झाली. कळा लागल्यापासून तीन तासांत. मालिशवाल्या बाईंना मात्र बाळाचे पाय ओढू नका, आईच्या कंबरेवर जोर देऊ नका, हे निक्षून सांगावे लागले. या आजाराचा वारसा मुलात उतरण्याची शक्यता निम्मी मानतात.

दिवाळीत लेकी माहेरी येतील. एखादी गर्भारशी पाटावर बसताना अडखळेल. तिला तेलाच्या भांड्यासारखे जरूर जपावे. पण 'कुठे दुखते' एवढेच विचारून थांबू नये. 'काही जागचे हलते का' हेही विचारावे, आणि ती 'हो' म्हणाली तर हसू नये.