डांटू रक्तगट, पेशीपटलाचा ताण आणि हिवताप : एका संशोधनाची चिकित्सा

हिवतापाच्या अभ्यासात प्रथिनांच्या परस्परजुळणीला दीर्घकाळ मध्यवर्ती स्थान मिळाले. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा परोपजीवी तांबड्या रक्तपेशीवरील विशिष्ट प्रथिनांना चिकटून आत शिरतो; ते प्रथिन बदलले की वाट बंद होते, अशी ही मांडणी आहे. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केनियातील किलिफी येथील ४२ बालकांच्या रक्तावरील अभ्यासाने ती अपुरी ठरवली.

पूर्व आफ्रिकेत आढळणाऱ्या डांटू रक्तगटात ग्लायकोफोरिन प्रथिनांची जनुके संकरित झालेली असतात. हा गट गंभीर हिवतापापासून संरक्षण देतो, हे आधीच ज्ञात होते. कसे, हे उलगडले नव्हते. केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपटलाची सततची थरथर टिपून तिच्यावरून पटलाचा ताण काढला. डांटू पेशींत तो सरासरीने अधिक होता आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ताणलेल्या पेशीत परोपजीवीला सहसा शिरता आले नाही. डांटू नसलेल्या पेशींनाही हीच मर्यादा लागू पडली. अभ्यासाचे खरे बळ या निरीक्षणात आहे. केवळ सरासरींच्या तुलनेतून असा निष्कर्ष निघाला नसता.

तथापि ताणामुळेच ‘संरक्षण’ मिळते, हे शीर्षकातील विधान पुराव्याच्या किंचित पुढे जाते. ताण हा थरथरीवरून, गणिती प्रारूपाच्या आधारे काढलेला आहे. शिवाय डांटू पेशीच्या पृष्ठभागावरील इतर प्रथिनांचे प्रमाणही बदललेले असते, हे त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे. २०२३ मध्ये केनियातील प्रौढ स्वयंसेवकांना नियंत्रित संसर्ग देऊन केलेल्या चाचणीत डांटूचा प्रभाव प्रत्यक्ष शरीरातही दिसला. मात्र त्या प्रभावातील ताणाचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

औषधाने पेशींचा ताण वाढवावा, ही सूचना आकर्षक आहे, पण अधिक सावधपणे घ्यावी लागते. सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाच्या या पेशीला प्लीहेतील त्याहून कितीतरी अरुंद फटींतून वाकून जावे लागते. आनुवंशिक गोलपेशी विकारात हे वाकणे जमत नाही. प्लीहा अशा पेशी नष्ट करते आणि रक्तक्षय होतो. डांटूची बालके निरोगी असतात हे खरे. परंतु त्यांच्या पेशी जन्मतःच तशा घडलेल्या असतात. तयार पेशीत औषधाने ताण वाढवल्यास ती प्लीहेतून सुखरूप सुटेल काय, याचे उत्तर काचपट्टीवरील थरथरीतून मिळत नाही.