विद्यार्थी-लघुपटाची घडण : ‘दोन माणसे आणि एक कपाट’

चित्रपट संकलनाच्या मेजावर जन्म घेतो, हे विधान चित्रपटविषयक चर्चेत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज क्वचितच कोणाला भासते. मोठ्या निर्मितीच्या बाबतीत त्यात तथ्य असू शकेल. तेथे विपुल चित्रित सामग्रीतून निवड करण्याची सोय असते. विद्यार्थ्यापाशी ती सोय नसते. फिल्म मोजकी, दिवस मोजके आणि नट बहुधा सहाध्यायीच. अशा स्थितीत कृतीची एकात्मता नेमकी कोणत्या टप्प्यावर सिद्ध होते, हा प्रश्न केवळ तंत्राचा न राहता रूपाचा होतो. पोलंडमधील वूच येथील चित्रपटविद्यालयात शिकत असताना रोमान पोलान्स्की यांनी १९५८ मध्ये केलेला ‘दोन माणसे आणि एक कपाट’ हा सुमारे १५ मिनिटांचा लघुपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

लघुपटाचे कथानक एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे. दोन माणसे आरशाचे एक कपाट घेऊन समुद्रातून वर येतात, शहरात ठिकठिकाणी नाकारली जातात, मार खातात आणि कपाटासह पुन्हा समुद्रात निघून जातात. ट्राममध्ये त्यांना जागा नाही, उपाहारगृहात नाही, हॉटेलातही नाही. कपाट टाकून दिले तर सर्व दारे उघडतील. पण ते टाकायचे नाही, एवढाच त्यांचा अपराध.

या कल्पनेचे सामर्थ्य तिच्या अद्भुततेत नसून तिच्या उपयोजनक्षमतेत आहे. याआधी, १९५७ मध्ये, पोलान्स्की यांनी विद्यार्थ्यांच्या एका नृत्यसमारंभात खरेच दांडगट तरुण घुसवून त्या धुमाकुळाचे चित्रण केले होते. तेथे घटना होती, रचनातत्त्व नव्हते. जे घडले ते टिपण्यापलीकडे दिग्दर्शकाच्या हाती फारसे काही उरले नाही. कपाटाच्या कल्पनेत मात्र रचनातत्त्व बीजरूपाने अंतर्भूत आहे. कपाट जेथे नेले जाईल तेथे प्रसंग आपोआप निर्माण होतो आणि प्रत्येक प्रसंगाची परिणती नकारात होते. संहिता, चित्रण व संकलन या तिन्ही अवस्थांना एकच सूत्र लाभते.

चित्रणाच्या टप्प्यावर हे सूत्र आरशाच्या रूपाने फलदायी ठरते. एका दृश्यात मासा ढगांमध्ये तरंगत असल्याचा भास होतो; तो आडव्या ठेवलेल्या कपाटाच्या आरशावर आहे, हे नंतर उमगते. दुसऱ्या एका प्रसंगी, पाठलाग करणाऱ्या गुंडाचे प्रतिबिंब त्याच आरशात दिसल्यामुळे एक तरुणी सावध होते. एरवी दोन चित्रचौकटी जोडून जे साधावे लागले असते, ते येथे एकाच चौकटीत साधते. संकलनाचा भार कल्पनेने आधीच हलका केलेला असतो.

मग संकलनाला स्वतंत्र कार्य उरते काय? निश्चित उरते, पण ते एकता निर्माण करण्याचे नसून क्रम ठरवण्याचे असते. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात प्रतिपादिलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे उपयुक्त ठरतात. नकारांची मालिका हा संवाद. परंतु केवळ संवादाने ही कृती विनोदी प्रसंगांची माळ ठरली असती. म्हणून शहरातील क्रौर्याची दृश्ये मध्ये येतात : खिसेकापू, मांजराच्या पिलाला दगड मारणारे तरुण, ओढ्याकाठचा खून. निरुपद्रवी माणसांना जागा नाकारणारे शहर या हिंसेला मात्र सहज सामावून घेते, हा विरोध. अखेरीस समुद्रकिनाऱ्यावर एका मुलाने वाळूचे असंख्य गोळे रांगेने मांडलेले आहेत. ते दोघे कपाट सावरीत, एकही गोळा न मोडता त्यांतून वाट काढतात आणि पाण्यात शिरतात. हा समतोल.

या रचनेतील एक उणीवही नोंदवली पाहिजे. मांजराला मारणारे तरुणच पुढे त्या दोघांना मारहाण करतात. त्यामुळे ते दृश्य कथेच्या गतीत विरघळते. खुनाचे दृश्य तसे विरघळत नाही. कपाटाशी त्याचा संबंध केवळ सान्निध्याचा राहतो आणि आशय सूचित होण्याऐवजी अधोरेखित होतो. मूळ कल्पनेतून जे उगवले नाही, ते कुशल संकलनालाही आत्मसात करता येत नाही, असे हा दोषच दाखवून देतो.

ध्वनीच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. लघुपटात संवाद नाहीत. क्शिश्तोफ कोमेदा यांचे जॅझ संगीत त्यांची जागा घेते. हा निःशब्दपणा साधनांच्या अभावातून आलेली तडजोड वाटत नाही, कारण नकार देण्यासाठी शब्दांची आवश्यकताच नसते. बंद होणारे दार पुरेसे असते. संगीतावर अर्थ सांगण्याची जबाबदारी येऊन पडत नाही. चित्रणातील रिक्तता निवेदनाने वा संगीताने भरून काढण्याचा जो मोह विद्यार्थी-लघुपटांत आढळतो, त्याचे मूळ संकलनकक्षात नसून कल्पनेच्या अपुऱ्या परीक्षणात असते.

१९५८ मध्येच ब्रुसेल्स येथील प्रायोगिक चित्रपटांच्या स्पर्धेत या कृतीला पारितोषिक मिळाले. तिचे मूल्य मात्र पारितोषिकापेक्षा तिने घालून दिलेल्या निकषात आहे. विद्यार्थ्याच्या कल्पनेची परीक्षा ती किती नवी आहे यावरून न करता, ती पुढील प्रत्येक अवस्थेला कोणते काम देते यावरून करणे युक्त होय. संकलनाचे मेज हे जन्मस्थान नव्हे. ते परीक्षास्थान आहे. तेथे कल्पना उत्तीर्ण होते किंवा अनुत्तीर्ण ठरते. नव्याने जन्म घेत नाही.