दासींच्या वंशावळी : एका निबंधाचे परीक्षण

कोल्हापुरात अभ्यासकांच्या एका लहानशा बैठकीत एका विद्यार्थिनीने मराठेशाहीतील कुणबिणी व बटकी यांच्या वंशावळींवर निबंध वाचला. तो ऐकण्याचा योग आम्हांस आला. विषय अवघड, साधने विस्कळीत आणि श्रोते जुन्या वळणाचे. अशा स्थितीत लेखिकेने दाखविलेले धैर्य प्रशंसनीय आहे. तथापि केवळ प्रशंसेने संशोधन पुढे जात नाही. सबब निबंधाचे गुणदोष येथे स्पष्टपणे नमूद करतो.

आपल्याकडील कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून निघतात. वतने व इनामे बहुधा बापाकडून मुलाकडे जात, म्हणून कागदही त्याच वाटेने जपले गेले. दासीस वतन नाही. ती स्वतःच हिशेबातील एक बाब. दप्तरात तिचा उल्लेख येतो तो खरेदीच्या रकमेत, कोठीच्या किंवा पागेच्या चाकरीत, अन्नवस्त्राच्या खर्चात अथवा वृद्धापकाळी सोडून दिल्याच्या नोंदीत. कित्येक स्त्रिया तर बदकर्माच्या आरोपावरून सरकारातूनच दासी केल्या गेल्या. लेखिकेने अशा तुटक नोंदी जुळवून आईकडून लेकीकडे जाणारी वंशावळ मांडली. ही दिशा आमच्या मते योग्य आहे.

अमेरिकेशी केलेली तुलनाही उद्बोधक वाटली. तेथील १८५० व १८६० च्या खानेसुमारीत गुलामांचे वय, लिंग व वर्ण नोंदले. नावे बहुधा गाळली. मुक्त झालेल्यांची नावे १८७० साली प्रथम आली. तेथे नावच नाही. आपल्याकडे नाव आहे, पण एकटे. त्याच्याशेजारी बापाचे वा गावाचे नाव क्वचितच असते. म्हणून दोन कागदांत एकच नाव आले एवढ्यावरून दोन्ही स्त्रिया एक ठरत नाहीत. लेखिकेने दोन ठिकाणी हे गृहीत धरले, ते ग्राह्य नाही. शिवाय ‘कुणबीण’ म्हणजे कुणब्याची स्त्रीही होते. प्रत्येक कुणबिणीस दासी मानता येत नाही.

दुसरा दोष कालगणनेचा. शुहूर सन मृगारंभी पालटतो. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. लेखिकेने सर्वत्र ५९९ च मिळविले. समजा, शुहूर ११७५ च्या आषाढात दासी खरेदी झाली व त्याच सनाच्या वैशाख शुद्धात तिला मुलगी झाली. खरेदी १७७४ ची, जन्म १७७५ चा. लेखिकेच्या रीतीने जन्म खरेदीच्या आधी पडतो आणि धन्याच्या घरी जन्मलेली मुलगी आईबरोबर विकत आलेली ठरते. एका वर्षाच्या चुकीने मुलीचा सारा पूर्ववृत्तांत पालटतो.

तिसरे, दास्याचा अंत १८४३ च्या कायद्याने झाला असे लेखिकेने म्हटले. तो कायदा कंपनीच्या मुलुखापुरता होता. करवीर हे संस्थान होते. येथील कागद त्या सालापाशी मिटून ठेवू नयेत.

वाचन संपल्यावर एका वयोवृद्ध गृहस्थांनी आक्षेप घेतला की, शिवछत्रपतींनी १६७७ साली कर्नाटकात डचांस गुलामांची खरेदी व निर्यात मना केली. त्यांच्या गादीच्या नगरीत हा विषय कशाला? ती आज्ञा महाराजांस भूषणावहच आहे. परंतु आज्ञा अस्सल, तसे पुढील शतकातील खरेदीचे कागदही अस्सल. एकाने दुसरे खोटे पडत नाही. विद्यमान घराण्यांस बोल लागेल ही त्यांची भीती मात्र रास्त होती. लेखिकेने हयात कुटुंबाचे एकही आडनाव उच्चारले नाही; हा विवेक आम्हांस तिच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

खरा दोष आम्हां संग्राहकांकडे येतो. एका रुमालाची नक्कल करताना आम्ही हत्तींची नावे उतरून घेतली आणि दासींच्या ओळी ‘किरकोळ’ म्हणून गाळल्या. निबंध ऐकताना त्या ओळी आठवल्या. तो रुमाल आता आमच्या हाती नाही. ज्यांच्यापाशी असे कागद आहेत त्यांनी पुढील नकलांत ही नावे महिना-तिथीसह जशीच्या तशी उतरावीत. सदर निबंध दुरुस्त करून छापण्यास योग्य आहे.